एक किलो येर्बा

ला प्लाताच्या रेसकोर्सवर, मंगळवारी,
जेव्हा स्टँडमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त असतात,
हेनोवेवा मावशी चौथ्या पायरीवर बसते.
मांडीवर वही, वहीवर फोन, फोनवर चष्मा.
डाव्या हातात माते-चहाचा भोपळा, त्यात खुपसलेली धातूची नळी.
उजवा हात मोकळा. तो मोकळाच बरा, म्हणते.

चाळीस वर्षं टपाल कचेरीत तिने पार्सलं तोलली.
त्यामुळे कुठल्याच नोटेवर तिचा विश्वास नाही,
फक्त वजनावर.
पेसो डब्यात ठेवला तर सकाळपर्यंत विरघळतो.
बिटकॉइन फोनमध्ये ठेवला तर रात्रीत
कुंपण ओलांडून कुठल्या कुठे जातो,
कधी शेपटी वर करून, कधी लंगडत.
"हा घोडा तबेल्यात झोपतच नाही,
आणि याच्या पाठीवर जॉकीही नाही."

पाकीट मीच उघडून दिलं होतं तिला.
बारा शब्दांची किल्ली तिने
क्विन्सच्या मुरांब्याच्या पाककृतीत पेरली:
एक शब्द साखरेनंतर, एक उकळी आल्यावर.
आणि डावाचं माप ठरवलं, एक किलो येर्बा.
तीच, हिरव्या पुड्यातली, कोपऱ्यावरच्या दुकानातली.
सोमवारी भाव विचारून येते,
मंगळवारी तेवढ्याच किमतीचं नाणं घोड्यावर लागतं.
चिमूटभरही जास्त नाही.
सगळी गंगाजळी साठ किलोंची.
चाळीसवर आली की महिनाभर रेस बंद.
ऐंशीवर गेली की वीस किलो घरी,
खरेखुरे पुडे, कपाटाच्या वरच्या फळीवर.
शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारी दुकान काढणार.

मी?
मी हरलो की दुप्पट लावायचो. परत हरलो की परत दुप्पट.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी,
आणि माझ्यापुढचं ते खरंच पळत होतं,
चार पायांनी, वाळू उडवत.
एका रात्री नाणं तीस टक्के चढलं,
मला वाटलं मी हुशार झालो.
गुरुवारी उतरलं, ती हुशारी घेऊन.
भाडं थकलं तेव्हा मावशीकडे गेलो.
तिने वही उघडलीसुद्धा नाही.
"यातलं नाही. हे हरण्यासाठी बाजूला काढलेलं आहे."
मग फळीवरून बारा पुडे उतरवले,
एकेक काट्यावर ठेवला,
काट्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
मी ते कोपऱ्यावरच विकले, तोट्यात.
भाड्याच्या निम्मेच झाले.

रेमीहियो काका तबेल्यात घोडे धुवायचा.
त्यांच्या कानात काय पुटपुटायचा कोण जाणे,
पण घोडे त्याला खरं सांगत नसत.
आधी शिलाईचं मशीन गेलं.
मग तिची अंगठी, मग स्वयंपाकघराचा दरवाजा.
दरवाजा?
"हो. बिजागऱ्यांसकट."
अकरा हिवाळे तिने तिथे चादर टांगली.
याहून जास्त ती त्याच्याबद्दल बोलत नाही.

आज सहाव्या रेसमध्ये दोन्या तेर्का होती,
म्हणजे हट्टी बाई,
काकाने धुतलेल्या एका घोडीची नात.
एकास बावीसचा भाव.
मी मावशीच्या अंगठ्याकडे बघत होतो.
अंगठा काचेवर आला आणि थांबला.
खाली घोडे फाटकात शिरत होते, एक मागे सरत होता.
मैदानापलीकडून लिंडेनच्या फुलांचा वास आला,
नोव्हेंबरात या शहरात तो कुणालाच सोडत नाही.
अंगठा अजून थांबलेलाच.
मग टेकला.
एक किलो.

शेवटच्या दोनशे मीटरवर घोडी पुढे होती.
मी उभा राहून ओरडत होतो, नियम-बियम विसरून,
जणू माझाच दरवाजा परत येत होता.
मानेच्या अंतराने हरली.

मावशीने पेन्सिल ओली केली, लिहिलं:
१ किलो. गेला.
मग पेन्सिलीने बाजूच्या पायरीवर टकटक केलं.
"बघितलंस? असं हरायचं असतं."
मी मान डोलावली,
आणि मग लक्षात आलं
की मी तिच्या या बाजूला होतो,
ती त्या बाजूला वळली होती.

भोपळ्यातलं पाणी गार झालं होतं.
सातव्या रेसला अजून वीस मिनिटं.